सांगलीच्या गावभागातील बाइंडिंगचे दुकान : धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्यांच्या निमित्ताने

आमच्या धर्मग्रामाच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील कॅथलिक समाजाच्या, पॅरिशच्या) स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) आणि विवाहाच्या जुन्या नोंदवह्या आम्ही गावभागातील एका बाइंडिंगच्या दुकानात नव्याने बांधून घेतल्या. त्यानंतर एक पावसाळा उलटला असून शिलाई आणि पुठ्ठा भक्कम आहेत, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

लहान शहरातील कॅथलिक समाजाचा इतिहास बहुतांशी अशा वह्यांतच असतो. मिरज जंक्शन झाल्यावर रेल्वेच्या नोकरीसाठी आलेली गोव्याकडची कुटुंबे, बाप्तिस्म्याच्या वेळी कोण कोणाचे धर्मपिता (गॉडफादर) झाले, कोणत्या फादरांनी संस्कार दिला, हे सारे त्यांत एकेका ओळीत लिहिलेले सापडते. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वीच्या (१९६२-६५) नोंदी लॅटिनमध्ये आहेत, नंतरच्या इंग्रजीत आणि मराठीत. विवाहाची वही ठेवण्याचे बंधन धर्मगुरूंवर चर्चच्याच ट्रेंट येथील परिषदेने १५६३ मध्ये घातले आणि जुन्या वह्या काळजीपूर्वक जपाव्यात असे १९८३ च्या कॅनन कायद्याचे (चर्चच्या अंतर्गत कायद्याचे) ५३५ वे कलम आजही सांगते.

स्नानसंस्काराच्या वहीत मूळ नोंदीइतकेच महत्त्व समासाला असते. त्या व्यक्तीचे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा दृढ करणारा संस्कार), विवाह किंवा धर्मगुरुपदाची दीक्षा पुढे कोठेही झाली, अगदी वसईत किंवा मंगळुरात झाली, तरी ती कळवली जाते आणि मूळ नोंदीशेजारी शेरा म्हणून लिहिली जाते. लग्नापूर्वी मागितला जाणारा दाखला याच शेऱ्यांवर अवलंबून असतो. बाइंडिंगच्या नेहमीच्या पद्धतीत मात्र वही शिवून झाली की कटिंग मशीनमध्ये घालून तिच्या तिन्ही कडा सारख्या करतात. तसे झाले असते तर कडेपर्यंत लिहिलेले कित्येक शेरे कायमचे गेले असते. दुकानाच्या मालकांनी आधी सगळी पाने उलटून पाहिली, शेरे कशाचे आहेत ते विचारून घेतले आणि एकही कड कापली नाही. पाने थोडी पुढेमागे दिसतात, पण या वह्यांसाठी हेच योग्य आहे.

कागदाच्या बाबतीतही त्यांनी हात आखडता ठेवला. हिराकसाची (लोहक्षाराची) जुनी शाई कागद आतून खाते आणि ओलाव्याने पसरते. त्यामुळे फाटक्या जागी खळीचा अगदी पातळ थर लावून अगदी झिरझिरीत कागद चिकटवला आणि लॅमिनेशन करण्यास स्पष्ट नकार दिला. पूर्वी कोणी लावलेली सेलोटेप अक्षरांवर घट्ट बसली होती, ती ओढून काढली नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेने आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांची पातळी ओलांडल्यापासून या शहरात भिजलेला कागद बऱ्याच जणांनी हाताळला आहे. पण इतका संयम सगळीकडे दिसत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. काम कबूल केलेल्या मुदतीच्या बरेच पुढे गेले. एका वहीच्या पाठीवरील सोनेरी अक्षरे आताच पुसट होऊ लागली आहेत, त्यामुळे वर्षे लिहिलेली कापडी पट्टी मागून घेणे बरे. साध्या बाइंडिंगपेक्षा दर जास्त आहे, परंतु काम हाताचे असल्याने मला तो वाजवी वाटतो.

इतर धर्मग्रामांनी, तसेच जुनी दप्तरे असलेल्या देवस्थानांनी व वाचनालयांनीही येथे जरूर विचारणा करावी. वह्या देण्यापूर्वी प्रत्येक पानाचे समासासह छायाचित्र काढावे, पाने मोजून पावतीवर लिहून घ्यावीत आणि कडा कापायच्या नाहीत, हेही त्याच पावतीवर नोंदवून घ्यावे.