राजारामपुरीतले सहा शनिवार: एका बाल्कन अभ्यासवर्गाविषयी

यंदाच्या पावसाळ्यात राजारामपुरीतील एका अभ्यासमंडळाने आग्नेय युरोपातील बाल्कन प्रदेशाचे चालू राजकारण आणि मॅसेडोनियन लोकांच्या समजुती-अंधश्रद्धा या विषयावर सहा शनिवारांचा वर्ग घेतला. सायंकाळी ६ ते ८ ही वेळ होती आणि शुल्क २,४०० रुपये होते. पैसे भरताना मला दोन शंका होत्या. कोल्हापुरात बसून या विषयाचे करायचे काय, ही पहिली. आणि राजकारण व अंधश्रद्धा ही मोट बांधली तरी कशाला, ही दुसरी. पहिल्या शंकेचे उत्तर ज्याचे त्याने शोधावे. दुसरीचे उत्तर मला तिसऱ्या शनिवारी मिळाले आणि ते मिळाले म्हणूनच हा अभिप्राय लिहीत आहे.

व्यवस्थेविषयी थोडक्यात सांगतो. सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे, उद्वाहन नाही आणि जिना उभा आहे. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी आधी विचार करावा. खुर्च्या बऱ्या होत्या. पडद्यावरचा नकाशा इतका फिकट होता की मागच्या दोन रांगांना अल्बानिया आणि कोसोव्हो यांमधली रेषा अखेरपर्यंत दिसली नाही. वर्गाआधी दिलेली छापील टिपणे मात्र नेटकी होती आणि मॅसेडोनियन शब्दांचे देवनागरी उच्चार त्यांत काळजीपूर्वक दिले होते.

वर्गाला दोन वक्ते होते. राजकारणाची बाजू इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी सांभाळली. लोकसमजुतींविषयी बोलणाऱ्या बाई मूळच्या कोल्हापूरच्या. मेलबर्नच्या उत्तर उपनगरांत त्यांनी बरीच वर्षे औषधाच्या दुकानात काम केले. थॉमसटाउन, लेलर, एपिंग या भागांत मॅसेडोनियन कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि बाईंचे गिऱ्हाईक मुख्यतः तेच होते. पुस्तकी अभ्यास सरांचा आणि काउंटरच्या आडून पाहिलेले जग बाईंचे, अशी ही विभागणी जमली, तरी दोघांच्या तयारीत फरक होता आणि तो पहिल्याच दिवशी उघड झाला.

पहिला शनिवार सरांनी सनावळीत घालवला. ऑटोमन सत्ता, १९०३ सालचा इलिंदेनचा उठाव, १९१२-१३ ची बाल्कन युद्धे, युगोस्लाव्हिया आणि ८ सप्टेंबर १९९१ चे स्वातंत्र्याचे सार्वमत हे सगळे दोन तासांत कोंबल्याने चहाच्या सुट्टीत अर्धी मंडळी निघून जाण्याच्या बेतात होती. दुसऱ्या शनिवारी त्यांनी एकच प्रश्न धरला, तो मॅसेडोनिया या देशाच्या नावाचा, आणि तेथून वर्गाला पाय फुटले. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला, पण ‘भूतपूर्व युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसेडोनिया’ या लांबलचक आणि तात्पुरत्या नावाने. कारण शेजारच्या ग्रीसच्या उत्तर भागालाही मॅसेडोनियाच म्हणतात आणि अलेक्झांडरचा वारसा आपलाच, असे ग्रीसचे म्हणणे होते. २००८ मध्ये ग्रीसच्या विरोधामुळे नाटोचे दार बंद राहिले. जून २०१८ मध्ये प्रेस्पा सरोवराच्या काठी झोरान झाएव आणि अलेक्सिस त्सिप्रास या दोन पंतप्रधानांच्या उपस्थितीत नाव बदलण्याचा करार झाला. त्यानंतरच्या सार्वमतात मत देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी होकार दिला, पण मतदानाला आले सुमारे ३७ टक्केच. तरीही संसदेने घटना बदलली, फेब्रुवारी २०१९ पासून देश ‘उत्तर मॅसेडोनिया’ झाला आणि मार्च २०२० मध्ये नाटोचा तिसावा सदस्य बनला. पुढे मे २०२४ मध्ये गोर्दाना सिल्यानोव्स्का-दाव्कोवा या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्षांनी शपथविधीत देशाला नुसते ‘मॅसेडोनिया’ म्हटले, तेव्हा ग्रीसच्या राजदूत समारंभातून उठून गेल्या. एका शब्दाच्या गाळण्याने राजदूत उठून जातो, हे सांगताना सरांनी आवाज चढवला नाही. त्यांची ही संयत पद्धत मला आवडली.

तिसरा शनिवार या वर्गाचा कळस होता. बाईंनी आल्याबरोबर प्रत्येकाच्या मनगटावर लाल-पांढऱ्या पिळाचा दोरा बांधला. तिकडे याला मार्तिन्का म्हणतात. १ मार्चला तो बांधायचा आणि पहिली पाकोळी किंवा करकोचा दिसला, अथवा झाड फुललेले दिसले, की काढून त्या झाडाच्या फांदीला अडकवायचा. वर्षभर प्रकृती चांगली राहते, अशी समजूत. पूजेतला लाल नाडा ज्याने बांधून घेतला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पुढचा भाग मात्र नवा होता. १ मार्चच्या या चालीरीती २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आल्या, त्या बल्गेरिया, मॅसेडोनिया, मोल्दोवा आणि रोमानिया या चार देशांनी मिळून मांडलेल्या प्रस्तावावरून. त्या कागदावर मॅसेडोनियाचे नाव अर्थातच ते ‘भूतपूर्व युगोस्लाव्ह’वाले होते. आणि ज्या बल्गेरियाबरोबर हा दोरा वाटून घेतला, त्याच बल्गेरियाने नोव्हेंबर २०२० मध्ये मॅसेडोनियाच्या युरोपीय संघातील प्रवेशाच्या वाटाघाटी अडवल्या, कारण मॅसेडोनियन ही स्वतंत्र भाषा आहे हेच त्याला मान्य नाही आणि गोत्से देल्चेव या क्रांतिकारकाला दोन्ही देश आपला म्हणतात. इतिहासाचे वाद सोडवण्यासाठी २०१७ च्या मैत्री करारान्वये दोन्ही देशांच्या तज्ज्ञांची संयुक्त समितीही नेमलेली आहे. दोरा दोघांचा चालतो, मात्र ज्या भाषेत तो बांधताना आशीर्वाद द्यायचा तिचे नाव चालत नाही, हे बाईंनी सांगितले आणि सरांनी लगेच पुढचा धागा पकडला: जुलै २०२२ मध्ये फ्रान्सच्या मध्यस्थीने वाटाघाटींचा औपचारिक आरंभ झाला खरा, पण बल्गेरियन समाजाचा उल्लेख घटनेत घालण्याची अट राहिली, २०२४ पासून पंतप्रधान असलेल्या ह्रिस्तियान मिकोस्की यांच्या सरकारने ती आहे तशी मानली नाही, आणि त्याच वर्षी बरोबरीने चाललेला अल्बानिया पुढे निघून गेला. अंधश्रद्धा आणि राजकारण एका वर्गात का बसवले, हे त्या दोन तासांत कळले.

समजुतींच्या बाकीच्या भागात बाईंनी आम्हाला हसवले, पण त्या लोकांवर हसू दिले नाही. प्रोमाया म्हणजे समोरासमोरच्या दारा-खिडक्यांतून वाहणारा झोत. मान धरणे, कान दुखणे, दातदुखी या सगळ्याचे मूळ तोच, असे तिकडे सुशिक्षित माणसेही ठामपणे सांगतात आणि भर उन्हाळ्यात बसची एक खिडकी उघडी असली तर दुसरी उघडू देत नाहीत. यावर मंगळवार पेठेतील एका काकांनी उठून विचारले, “मॅडम, मग आमच्या वाड्यात दारं समोरासमोर कशासाठी ठेवली?” बाईंकडे उत्तर नव्हते आणि त्यांनी तसे सांगितले. थंड फरशीवर बसलेल्या मुलीला उठवणाऱ्या आजी, ओल्या केसांनी बाहेर पडणाऱ्याला दिला जाणारा मेंदूज्वराचा धाक, दूरच्या प्रवासाला किंवा परीक्षेला निघालेल्याच्या मागे काम पाण्यासारखे सुरळीत व्हावे म्हणून ओतलेले पाणी, फुलांची सम संख्या फक्त मयताला हा नियम, अशी उदाहरणे त्यांच्याजवळ पुष्कळ होती.

दृष्टीचा विषय निघाला तेव्हा वर्ग खऱ्या अर्थाने कोल्हापुरी झाला. मॅसेडोनियन लोक दृष्टीला उरोत्सी म्हणतात. बाळाचे कौतुक केले की लगेच थुंकल्यासारखा आवाज करायचा, नाहीतर दृष्ट लागते. ती लागली आहे की नाही हे ओळखण्यासाठी पेटते निखारे पाण्यात टाकतात आणि ते कसे चुरचुरतात, बुडतात की तरंगतात, यावरून निदान होते. घाबरलेल्या मुलाची भीती उतरवण्यासाठी वितळवलेले शिसे पाण्यात ओततात आणि त्याला आलेल्या आकारात भीतीचे कारण शोधतात. आपल्याकडे मीठ-मोहरी आणि वाळक्या मिरच्या ओवाळून विस्तवात टाकल्यावर ठसका लागला नाही तर दृष्ट होती, असे मानतात. दोन्हीकडे निदान आणि उपचार एकाच कृतीत उरकतात, हे बाईंचे निरीक्षण मला मोलाचे वाटले, कारण अशी चाचणी सहसा हरत नाही.

मेलबर्नविषयीचा चौथा शनिवारही चांगला झाला. परदेशात गेल्यावर समजुती सैल होतील असे आपल्याला वाटते. बाईंचा अनुभव उलटा होता. तिकडे राजधानी स्कोप्येतील नातवंडे ज्या गोष्टी हसून सोडून देतात, त्या थॉमसटाउनमधल्या घरात नेमाने पाळल्या जातात, कारण तेथे त्या आपली ओळख सांगण्याचे साधन असतात. या मंडळींतील अनेकांची मूळ गावे आज ग्रीसमध्ये आहेत. ग्रीक यादवी युद्धात १९४८ मध्ये त्या भागातून सीमेपलीकडे नेलेल्या हजारो मुलांपैकी काही जण पुढे ऑस्ट्रेलियात पोहोचले. अशा घरांत देशाच्या नावाची चर्चा वर्तमानपत्रातली उरत नाही. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियन सरकारने या समाजाला ‘स्लाव्ह मॅसेडोनियन’ म्हणावे असे ठरवले, त्याचा राग वीस-पंचवीस वर्षांनंतरही दुकानात गोळ्या घेताना निघत असे. प्रेस्पा कराराच्या दिवसांत तर औषधाच्या पावतीपेक्षा तीच चर्चा लांबत असे, असे बाई म्हणाल्या.

पाचव्या शनिवारी वेव्चानी हे गाव आले. ओहरिड सरोवरापासून जवळच असलेल्या या गावात जुन्या पंचांगाच्या नववर्षाला, म्हणजे १३ आणि १४ जानेवारीला, वासिलित्साचे सोंगांचे उत्सव होतात. दुष्ट शक्तींना पिटाळण्यासाठी घातलेले हे मुखवटे आज पुढाऱ्यांची आणि चालू घटनांची यथेच्छ टर उडवतात. १९८७ मध्ये गावच्या झऱ्यांचे पाणी वळवण्याच्या योजनेला गावकरी आडवे गेले आणि पोलिसांनी त्यांना मारहाण केली, हे ऐकून वर्ग सावरून बसला. पिण्याच्या पाण्याच्या थेट पाइपलाइनची चर्चा वर्षानुवर्षे ऐकलेल्या शहराला पाण्याचे राजकारण वेगळे शिकवावे लागत नाही. युगोस्लाव्हिया मोडताना या गावाने गमतीने आपले स्वतंत्र प्रजासत्ताकही जाहीर केले आणि आज पर्यटकांना त्याचे पारपत्र विकत मिळते.

त्याच दिवशी वर्गात खरा खटका उडाला. विवेकवादी चळवळीत अनेक वर्षे काम केलेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी आक्षेप घेतला की ज्या शहरात गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या शहरात अंधश्रद्धांचे असे कोडकौतुक शोभत नाही. आक्षेप गंभीर होता. बाईंनी तो टाळला नाही. १६ मार्च २०२५ रोजी कोचानी शहरातील नृत्यगृहाला आग लागून किमान ५९ माणसे, बहुतेक तरुण, मृत्युमुखी पडली, त्या घटनेकडे त्या वळल्या. आतषबाजीच्या ठिणग्यांनी छत पेटले, क्षमतेपेक्षा अधिक गर्दी होती, बाहेर पडायला पुरेसे मार्ग नव्हते आणि परवाना बेकायदा दिला गेल्याचे खुद्द सरकारने सांगितले. त्यानंतर लोक रस्त्यावर उतरले ते भ्रष्टाचाराविरुद्ध. तेथे कोणी नशीब किंवा दृष्ट हा शब्द काढला असता तर तो गुन्हेगारांना पांघरूण घालणारा ठरला असता, असे बाई म्हणाल्या; मनगटावरचा दोरा आणि हा शब्द यांत फरक करायला शिकवणे एवढाच आपला हेतू आहे. त्या गृहस्थांचे समाधान झाले नाही. माझे बरेचसे झाले. निखारे टाकून आजार ओळखणे आणि डॉक्टरकडे न जाणे यांतील अंतर किती कमी असते, यावर मात्र आणखी अर्धा तास हवा होता.

शेवटच्या शनिवारी जेवण होते. तावचे ग्रावचे, म्हणजे मातीच्या भांड्यात भाजलेला पांढरा घेवडा, उत्तम झाला होता. आय्वार ही भाजून सोललेल्या लाल मिरच्यांची तेलात मंद आटवलेली चटणी. तिकडची मांसल मिरची येथे मिळत नसल्याने लाल ढोबळीवर भागवले होते. चटणी म्हटल्यावर खरड्याच्या अपेक्षेने पुढे सरसावलेल्यांची निराशा झाली, कारण ती चक्क गोडसर लागते; दोघांनी घरून आणलेला खरडा तिच्यात कालवला आणि बाईंनी तोंड फिरवले. तुर्की पद्धतीची कॉफी पिऊन कप पालथा घालून भविष्य पाहण्याचा खेळही झाला. तो पाच मिनिटांत आटोपला असता तर बरे झाले असते.

आता तक्रारी. ध्वनिमुद्रण आठवड्याभरात मिळेल असे शुल्क घेताना सांगितले होते. वर्ग संपून दीड महिना झाला तरी ते आलेले नाही आणि दूरध्वनी केल्यावर दर वेळी ‘पुढच्या सोमवारी’ हेच उत्तर मिळते. दुसरी तक्रार अधिक महत्त्वाची आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार देशाच्या सुमारे १८ लाख ३७ हजार रहिवाशांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा अल्बेनियन आहे. २००१ मध्ये तेथे सशस्त्र संघर्ष झाला, त्याच वर्षी १३ ऑगस्टला ओहरिडचा करार झाला आणि अल्बेनियन भाषेचे स्थान बदलले. या सगळ्याला सहा शनिवारांत मिळून पंधरा मिनिटे मिळाली, आणि अल्बेनियन घरांतील समजुतींना एकही मिनिट नाही. बाईंच्या दुकानात ते गिऱ्हाईक येत नसे, हे कारण बाईंपुरते ठीक आहे. सरांना ते लागू होत नाही. दिवाळीनंतर दुसरी तुकडी निघणार असल्याचे ऐकतो. पहिल्या शनिवारची सनावळ छापील टिपणांत घालून तो दिवस या विषयाला दिला आणि नकाशा गडद छापून घेतला, तर २,४०० रुपये पुन्हा भरायला मी तयार आहे; जिना चढायचीही तक्रार करणार नाही.