एआरसी की पीएलसी? अमेरिकेतल्या मका शेतकऱ्याचा हिशोब

अमेरिकेत २०१४ च्या फार्म बिलपासून (शेतीचा मोठा केंद्रीय कायदा) शेतकऱ्याला सरकारी मदतीसाठी एआरसी आणि पीएलसी या दोन स्कीममधून एक निवडावी लागते, आणि फरक वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

पीएलसी म्हणजे फक्त भावाचा खेळ. मक्याचा रेफरन्स प्राइस, म्हणजे कायद्याने ठरवलेला आधारभाव, बुशेलला (तिकडचं धान्याचं माप) ३.७० डॉलर होता, २०२५ च्या कायद्याने ४.१० केला, देशातला सरासरी भाव त्याच्या खाली गेला की फरक मिळतो, तुमचं पीक आलं की गेलं याच्याशी संबंध नाही.

एआरसी-काउंटीमध्ये भाव आणि उत्पादन दोन्ही धरून उत्पन्न काढतात आणि ते ठरलेल्या पातळीखाली गेलं की मदत, पण उत्पादन अख्ख्या काउंटीचं (आपल्या जिल्ह्यासारखा भाग)! म्हणजे तुमच्या शेतावर गारपीट झाली आणि बाकी काउंटीत भरघोस पीक आलं तर त्या गारपिटीचं हातात काहीच नाही. आपल्याकडे पीकविम्यात महसूल मंडळाच्या सरासरीवरून जी ओरड होते ना, अगदी तीच गोष्ट, फक्त तिकडे काउंटी केवढी मोठी असते बघा. शिवाय मदतीला वरून मर्यादा, आधी बेंचमार्क उत्पन्नाच्या (मागच्या काही वर्षांच्या सरासरीवरून काढलेलं) १० टक्के, आता १२.

दोन्हीत पैसे बेस एकरांवर, म्हणजे पूर्वीच्या पेरणीच्या नोंदीवरून ठरलेल्या क्षेत्रावर, तेही ८५ टक्क्यांवरच, आणि पीक निघाल्यावर पुढच्या ऑक्टोबरपर्यंत थांबायचं. हे मला खरंच खटकतं, कर्जाचा हप्ता थोडीच थांबतो.

माझं मत विचाराल तर वारंवार दुष्काळ पडणाऱ्या काउंटीत एआरसी, आणि भाव कोसळायची भीती असेल तर पीएलसी. २०२५ च्या पिकाला मात्र दोन्हीतली जास्तीची रक्कम आपोआप मिळणार आहे.