पुण्यात काय चर्चेत आहे हे कोणत्या टूलने बघायचं?

खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि भिडे पूल पाण्याखाली गेला, की काही पुणेकर एक्सवर फोटो टाकतात आणि बाकीचे गूगलवर ‘भिडे पूल चालू आहे का’ असं शोधतात. तुम्हाला यातलं काय हवंय, लोक बोलतात ते की शोधतात ते? टूल घ्यायच्या आधी हे ठरवा. स्थानिक बातम्यांचं पान चालवणारा आणि लक्ष्मी रोडवर साड्या विकणारा, दोघांनाही ‘पुण्याचे ट्रेंड्स’च हवे असतात, पण दोघांची टूलं वेगळी आहेत.

बातम्यांसाठी मी एक्सची एपीआय सुचवेन, म्हणजे आपल्या प्रोग्रामला एक्सकडून थेट माहिती मागवता येते ती सोय. ट्रेंड्सची यादी थेट शहराच्या पातळीवर मिळते ती इथेच. प्रत्येक जागेला एक क्रमांक असतो, त्याला वोईड म्हणतात. ही पद्धत मूळची याहूची. पुण्याचा क्रमांक २२९५४१२, मुंबईचा २२९५४११, भारताचा २३४२४८४८. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर क्रमांक द्यायचा आणि यादी घ्यायची, इतकं ते सोपं आहे. अडचण पुढे येते. पुण्याची यादी उघडली की वर क्रिकेट, एखाद्या नटाचा वाढदिवस, दिल्लीतलं राजकारण. पुण्याचं त्यात फारसं काही दिसतच नाही.

म्हणून तिन्ही याद्या एकाच वेळी मागवा आणि पुण्याच्या यादीतून भारताची व मुंबईची वजा करा. उरतं ते थोडंच, कधी कधी दोन-तीनच शब्द, पण ते इथले असतात. माझ्या मते या टूलची खरी किंमत या वजाबाकीत आहे. पोस्टच्या संख्येवर मात्र फार विसंबू नका, तो रकाना बऱ्याचदा रिकामाच येतो.

ही यादी अख्ख्या शहराची असते, कोथरूड वेगळं, हडपसर वेगळं असं काही मिळत नाही. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. तशा वेळी नेमकी सोसायटी हवी असेल तर पोस्टच्या मजकुरातच शोधावं लागतं, कारण जागा जोडलेल्या पोस्ट शंभरात एक-दोनच असतात आणि अचूक ठिकाण जोडायची सोय २०१९ मध्येच काढून टाकली. शोधताना ‘सिंहगड रोड’ देवनागरीत द्या, रोमन लिपीत Sinhagad असं द्या आणि ‘h’नंतरचा ‘a’ गाळून Sinhgad असंही द्या. यातलं एक राहिलं तरी बऱ्याच पोस्ट हातातून निसटतात.

आता पैशांचं. फुकट एपीआय बंद करण्याची घोषणा २०२३ च्या फेब्रुवारीत झाली आणि त्यानंतर दर बदलत राहिले, म्हणून कुणाच्या जुन्या व्हिडिओवरून हिशेब मांडू नका.

साडीवाल्यांनी मात्र यात पैसे घालू नयेत. त्यांच्यासाठी गूगल ट्रेंड्स आहे, तेही फुकट. महाराष्ट्र निवडून ‘पैठणी’ टाका, पाच वर्षांचा आलेख बघा आणि माल कधी भरायचा ते ठरवा. खाली शहरांची तुलनाही दिसते. फक्त १०० चा अर्थ शंभर लोक असा घेऊ नका: निवडलेल्या काळातला सगळ्यात वरचा बिंदू म्हणजे १००, बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. हे आकडे प्रोग्रामने आपोआप उतरवणारी पायट्रेंड्स नावाची लायब्ररी अनधिकृत आहे. लागोपाठ मागणी केली की ४२९ ची, म्हणजे ‘फार वेळा मागितलंत’ अशी एरर येते. आठवड्यातून एकदा हाताने सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी फाइल) उतरवून घेतली तरी दुकानाला पुरते.

यूट्यूबच्या एपीआयमधून लोकप्रिय व्हिडिओंची यादी देशापुरतीच मिळते. अक्षांश-रेखांश आणि त्रिज्या देऊन शोधता येतं, पण एका शोधाला १०० युनिट जातात आणि रोजचा कोटा १०,००० चा, म्हणजे दिवसाला शंभरच शोध. शिवाय ज्यांनी व्हिडिओला जागा जोडलीय तेवढेच सापडतात. मुख्य साधन म्हणून मी हे घेणार नाही.

खाण्यापिण्याच्या धंद्याची सगळी हालचाल इन्स्टाग्रामवर आहे, आणि नेमकी तिथेच अधिकृत वाट अरुंद आहे: सात दिवसांत ३० हॅशटॅग, तेही व्यावसायिक खातं असेल तर, आणि जागेवरून शोध नाही. ‘सगळं काढून देतो’ म्हणणारी स्क्रॅपिंगची (पानांवरची माहिती आपोआप खरवडून घेणारी) टूलं नियमाबाहेरची आहेत. त्यापायी तुमचं चालतं खातं बंद पडू शकतं. रोज सकाळी अर्धा तास कुणीतरी स्वतः बघावं, हेच बरं.

एक्स घेणार असाल तर पहिल्या दिवसापासून दर अर्ध्या तासाची यादी वेळेसकट फाइलमध्ये साठवा. एपीआय फक्त आत्ताची यादी देते, कालची मागता येत नाही. पुढच्या वर्षी पालख्या पुण्यात मुक्कामाला येतील, तेव्हा यंदाशी तुलना करायला ती फाइलच लागेल.