साडेबाराशेचं पापलेट, डोकं वेगळं: बाणेरकडच्या एका मालवणी रेस्टॉरंटात तीनदा जेवून

आधीच सांगते, नाव लिहिणार नाहीये. तिथे देवगडचे एक काका आहेत वाढायला, त्यांनी मला जे खरंखरं सांगितलं ते नावासकट इथे टाकलं तर उद्या मॅनेजर त्यांनाच धरेल. पुण्यात बाणेर-बालेवाडीच्या पट्ट्यात अशी बरीच झालीत आता, जांभ्या दगडासारखी दिसणारी भिंत, बांबूच्या टोपल्या उलट्या टांगून आत बल्ब, पितळेचे पेले, केळीचं पान गोल कापून ताटात बसवलेलं. म्हणजे खानावळ नाही आणि फाइव्ह स्टारही नाही, चप्पल घालून गेलात तरी कोणी बघत नाही पण दोघांचं बिल दोन हजाराच्या खाली काही येत नाही. त्यातलंच एक समजा.

पहिल्यांदा गेलो ते एप्रिलमधे, आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला, शनिवारी रात्री. ही पहिली चूक. आठचं टेबल फोन करून सांगितलेलं, तरी गेल्यावर "मॅम, पाच मिनिटं फक्त" असं करत करत पन्नास मिनिटं बाकड्यावर बसवलं. बाबा ७४ वर्षांचे, वेंगुर्ल्याचे, साडेसातला जेवणारा माणूस. पावणेनऊला त्यांनी माझ्याकडे बघितलं नुसतं. बरं उशीर होतो शनिवारी, मान्य, पण मग बुकिंग कशाला घेता हे मला अजून कळलेलं नाही.

आत गेल्यावर दुसरा त्रास म्हणजे आवाज. भिंतीला टाइल, खाली टाइल, वर पत्रा, पडदा नाही की काही नाही, त्यामुळे शेजारच्या बारा जणांच्या बर्थडे पार्टीचा सगळा गलका आमच्याच टेबलावर. बाबांनी शेवटी कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं आणि म्हणाले आता बरं वाटतं. घरात म्हातारी माणसं असतील तर हे आधी माहीत असलेलं बरं, आत डावीकडे कोपऱ्यात तीन टेबलं आहेत तिथे जरा शांत असतं, तेच मागून घ्या.

मग मेनू. माशांच्या पानावर अर्ध्या ठिकाणी किंमतच नाही, तिथे एपीएस, म्हणजे साइजप्रमाणे. नवऱ्याला वाटलं हा काहीतरी टॅक्स आहे. ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी सांगते, एपीएस दिसलं की ऑर्डर द्यायच्या आधी मासा बघायला मागायचा आणि किंमत तोंडानं वदवून घ्यायची, लाजायचं नाही. आम्ही मागितला तर कॅप्टनने लगेच ट्रे आणला हे मात्र चांगलं, बर्फावर तीन पापलेटं आणि एक सुरमईचा तुकडा. बाबांनी चष्मा वर केला, मधल्या पापलेटाचा गाल उचलून आतला लाल रंग बघितला, पोटावर बोट दाबलं, खळगा पडला नाही, लगेच वर आलं. "ताजो आसा." झालं, पास. चारशे ग्रॅमच्या आसपास असेल, साडेबाराशे सांगितले. पटलं म्हणून घेतलं असं नाही, वाढदिवस होता म्हणून घेतलं.

आणि आलं तेव्हा डोकं नाही! ज्या पापलेटाचा गाल बाबांनी स्वतः उचलून बघितला त्याला गालच नाही, मधला भाग पांढऱ्या प्लेटमधे, वर मायक्रोग्रीन की काय ते गवत. बाबा म्हणाले डोक्याचा काय केलात? कॅप्टन म्हणतो सर प्रेझेंटेशनसाठी काढतो आम्ही, गेस्टना आवडत नाही. आता कोकणातल्या माणसाला तुम्ही पूर्ण माशाचे पैसे लावून डोकं काढून देताय म्हणजे... आईने टेबलाखालून बाबांचा गुडघा दाबला.

तेवढ्यात हे काका आले. पाणी ओतत होते, ऐकलं असणार सगळं. हळूच म्हणाले "तुमी खयचे?" "वेंगुर्ल्याचो. तुमी?" "मी देवगडचो." बस, पाच मिनिटांनी एका वाटीत डोकं आलं, आमसुलाच्या पातळ तिखट कालवणात सोडून, बिलावर काही नाही. बाबांनी ते ज्या तब्येतीत खाल्लं ना, साडेबाराशे तिथे वसूल झाले असं मी धरते. प्लेटमधलं उरलेलं पापलेट ठीकठाक होतं, रव्याचा थर फार जाड, मासा ताजा असताना एवढं पांघरूण कशाला. त्यापेक्षा बोंबील फ्राय उत्तम, दाबून पाणी काढलेले, बाहेर कुरकुरीत आणि आत अक्षरशः लोण्यासारखे, आमच्या आठ वर्षाच्या चिरंजीवांनी ते फिश फिंगर समजून संपवले.

पण त्या दिवशीचं खरं काय असेल तर बांगड्याचं तिखलं. ३७० रुपये, मातीच्या छोट्या भांड्यात. नारळ नाही, दाट लालभडक रस्सा, लसूण आणि वरून तिरफळं. तिरफळ चावायचं नसतं हं, नुसता वास उतरू द्यायचा आणि बाजूला काढायचं, चुकून चावलं तर जिभेला मुंग्या येतात, शेजारच्या टेबलावर एका मुलीने चावलं आणि ऍलर्जी झाली म्हणून घाबरली होती बिचारी. मेनूत एक ओळ लिहायला काय जातं? पुण्यात बहुतेक ठिकाणी तिरफळ घालतच नाहीत, घालतात ती दोन, शोभेला. इथे मी सहा मोजली.

सोलकढी मात्र नापास. ९० रुपये ग्लास आणि रंग असा गुलाबी की बीट घातलंय हे आंधळ्यालाही कळावं. आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची कढी जरा मळकट गुलाबी असते, एवढी फॅन्सी दिसत नाही. वरती नारळाचं दूध आणि खाली पाणी असे दोन मजले झालेले, म्हणजे सकाळी करून फ्रिजमधे ठेवलेली. बाबा ग्लास उजेडात धरून म्हणाले, "ह्येका सोलकढी म्हणतत?" आणि तो ग्लास तसाच ठेवला. जो माणूस पानात शीतही टाकत नाही.

आता बिल. खाण्याचे ४,३१० झाले होते आणि खाली सर्व्हिस चार्ज १० टक्के म्हणजे ४३१, आणि मग या सगळ्यावर जीएसटी. बहुतेक लोक टॅक्स समजून भरून टाकतात, मीही इतके दिवस तेच करायचे. तर तसं नाहीये. जीएसटी अशा रेस्टॉरंटला ५ टक्के, अडीच केंद्राचा अडीच राज्याचा, तो भरावाच लागतो. सर्व्हिस चार्ज सरकारचा नाही, हॉटेलचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मधेच सांगितलंय की तो बिलात आपोआप लावायचा नाही, सक्ती करायची नाही, आणि मार्च २०२५ मधे दिल्ली हायकोर्टानेही ते उचलून धरलं. मी शांतपणे म्हणलं हा काढा. कॅप्टन म्हणाला मॅम कंपनी पॉलिसी आहे, सिस्टीममधून निघत नाही. म्हणलं मग असं लिहून द्या, मी १९१५ वर विचारते, ग्राहक हेल्पलाइन आहे ती. सिस्टीममधून दोन मिनिटांत निघालं. ४,९७८ चं बिल ४,५२५ वर आलं. वाचले त्यातले तीनशे मी काकांच्या हातात दिले, त्यांनी आधी मॅनेजर कुठे आहे ते बघितलं आणि मग घेतले. ते बघणं मला काही आवडलं नाही. सर्व्हिस चार्जमधलं तुम्हाला काय मिळतं हो विचारलं तर नुसते हसले.

पाण्याचंही तसंच. बसल्या बसल्या काचेची बाटली उघडायला घेतात, ८० रुपये. जास्त किंमत लावली म्हणून भांडू नका, रेस्टॉरंटला एमआरपीपेक्षा जास्त घेता येतात असा सुप्रीम कोर्टाचाच २०१७ चा निकाल आहे, त्यापेक्षा उघडायच्या आधी साधं पाणी सांगा. देतात, तोंड वाकडं न करता देतात.

दुसऱ्यांदा गेले ऑफिसच्या चौघी मिळून, बुधवारी दुपारी. वेगळंच हॉटेल वाटलं. दहा मिनिटांत टेबल, गाणीबिणी बंद, थाळी ३९० ला, सुरमईचा बरा तुकडा, कालवण, सुकं, दोन घावणे गरम गरम आणि भात. घावणे परत मागितले तर परत आले, पैसे लावले नाहीत. सोलकढी त्या दिवशी चांगली होती, दुपारी ताजी असणार. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही, चार बायका पोटभर जेवल्या आणि दीड तासात ऑफिसला परत.

तिसरी खेप जुलैतली. आखाड संपायच्या आधीचा रविवार, म्हणजे सगळं पुणं श्रावणाच्या आधी हात धुऊन घ्यायला बाहेर पडलेलं. दारात बोर्ड, आखाड स्पेशल सीफूड, फ्रेश कॅच. आता गंमत बघा, १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांची वीण असते म्हणून. छोट्या बिनयांत्रिक होड्या जातात, खाडीचं थोडंफार येतं, पण पुण्यात रविवारी दोनशे लोकांना पुरेल इतकी ताजी सुरमई कुठून येणार? कॅप्टनला विचारलं तर तो म्हणे रोज सकाळी येते मॅम. कॅप्टन गेल्यावर काका पाणी ओतता ओतता म्हणाले, "फ्रोझन हा बाय ती. वाईट नाय, पण ताजी नाय. तुमी सोड्याची खिचडी घ्या."

फ्रोझनला माझी ना नाही. नीट गोठवलेला मासा चांगला लागतो, फक्त फ्रेश म्हणून विकू नका आणि त्याचे ताज्याचे पैसे घेऊ नका एवढंच. आणि पावसाळ्यात कोकणात तसंही सुक्यावरच भागवतात की, सोडे म्हणजे सुकवलेली कोलंबी, जवळा, सुके बोंबील. ते बोर्डावर लावायला यांना कमीपणा वाटतो. खिचडी मेनूच्या शेवटच्या पानावर, खालून दुसरी. (ती मुळात मालवणी नाही, सीकेपी लोकांची, पण जाऊ दे.) आली तेव्हा झाकण काढल्याबरोबर सोड्यांचा तो वास, शेजारच्यांनी नाक मुरडलं, आमच्या तोंडाला पाणी. सोडे नीट भिजवलेले, चिवट नाहीत, बटाट्याच्या फोडी, वर खोबरं कोथिंबीर. तिखल्यानंतर इथे मला सगळ्यात आवडलेला पदार्थ हाच.

त्या दिवशी सासूबाई बरोबर होत्या, अमरावतीच्या, कडक शाकाहारी. अशा ठिकाणी शाकाहारी माणसाची पनीरवर बोळवण होते ही भीती होतीच. पण काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या मागवल्या, त्यांनी आधी हे मसूर आहेत का विचारलं, मग दोन वाट्या खाल्ल्या आणि वर "तिखट म्हणत होतीस ना गं, हे तर काहीच नाही" हेही सुनावलं. कुळथाची पिठीही घेतली, २६० रुपये. मी घरी येऊन बाबांना फोनवर हा आकडा सांगितला तर पलीकडे बराच वेळ काही आवाजच नाही. मला वाटलं मशीन काढून ठेवलंय.

तर जायचं असेल तर मधल्या वारी दुपारी जा, तिखलं घ्या, बोंबील घ्या, ऑगस्ट उलटल्यावरच ताज्या माशाच्या नादी लागा आणि पापलेट सांगताना डोक्यासकट हवं म्हणून आधीच बजावून ठेवा. पार्सल मात्र नको. आम्ही एकदा कोंबडी वडे मागवले तर डब्यात वाफ धरून वडे पार पोळीसारखे मऊ, पोराने त्यात चिकन गुंडाळून फ्रँकी म्हणून खाल्लं आणि परत तेच हवं म्हणून मागे लागलाय.