निधी-प्रयास आणि सीड फंड : कांदाचाळीसाठी यंत्र करणाऱ्या एका नाशिककरणीचा अनुभव

यंत्राचा पहिला नमुना बनवायला अनुदान देणाऱ्या, विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या निधी-प्रयास योजनेला मी पाचपैकी चार गुण देते. रकमेबद्दल माझी तक्रार नाही. एक गुण कापला तो वेळेसाठी, आणि त्याबद्दल सविस्तर लिहायचं आहे, कारण आपल्या जिल्ह्यात शेतीसाठी यंत्रं करणाऱ्या प्रत्येकाला हे आज ना उद्या भेटणारच.

माझं नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत छोटं वर्कशॉप आहे. कंट्रोल पॅनलचं जॉबवर्क हा पोटाचा धंदा. त्याच्या जोडीनं कांदाचाळीसाठी, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडसाठी, एक यंत्र करतेय. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि भाव बघत ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत राहतो. मधल्या पावसाळ्यात ढिगाच्या पोटात एखादा कांदा सडला की आजूबाजूचे लागतात, आणि वास बाहेर येईपर्यंत बरंच गेलेलं असतं. कांद्याच्या थरात उभ्या रोवलेल्या नळ्या, त्यात तापमान, आर्द्रता आणि वायू मोजणारे सेन्सर, आणि गडबड दिसली की शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज, असं हे काम. बँकेत अशा गोष्टीला कर्ज मागायला गेलं की पहिला प्रश्न तारण काय. चालेल की नाही हे अजून ठरायचं आहे अशा वस्तूवर तारण देऊन कर्ज काढणं मला पटत नाही, आणि कुणीही काढू नये.

प्रयास नेमकी याच टप्प्यासाठी आहे. नमुना बनवायला जास्तीत जास्त 10 लाख रुपये, 18 महिन्यांची मुदत, आणि हे अनुदान आहे, कर्ज नाही. अर्ज दिल्लीला जात नाही, देशभरातल्या मान्यताप्राप्त इनक्युबेशन सेंटरांमार्फत (नव्या उद्योगांना हात देणाऱ्या केंद्रांमार्फत) जातो. हाताला लागणारी वस्तू पाहिजे, नुसतं अ‍ॅप चालत नाही. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कंपनी नसतानाही, एकट्या माणसाला व्यक्ती म्हणून अर्ज करता येतो. हे का महत्त्वाचं ते पुढे येईल.

पैशाइतकीच मोलाची मला समितीची मुलाखत वाटली. समोर सेन्सरमधलं कळणारी माणसं होती. त्यातल्या एका बाईंनी सरळ विचारलं, "पावसाळ्यात चाळीत ओलावा चढणार, मग तुमचा वायूचा सेन्सर खरं बोलतोय कशावरून?" प्रश्न वर्मी बसणारा होता. धातूच्या ऑक्साइडवर चालणाऱ्या स्वस्त सेन्सरचा आकडा हवेतल्या बाष्पानं हलतो, आणि कांदा सडतो तो नेमका बाष्प असतानाच. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या शिफारशीप्रमाणे साठवणीला 65 ते 70 टक्के आर्द्रता चांगली, पण श्रावणात ती त्याच्या कितीतरी वर जाते. त्या प्रश्नामुळे आर्द्रतेनुसार आकडा दुरुस्त करणं हा प्रकल्पाचा पहिला टप्पा ठरला. बाजारात कुठला गिऱ्हाईक असा प्रश्न फुकट विचारतो?

आता वेळेचं. पैसे हप्त्यांनी मिळतात. एक टप्पा दाखवा, खर्चाचा हिशेब द्या, पैसे ठरलेल्या कामावरच गेले असं सांगणारं सीएच्या सहीचं विनियोग प्रमाणपत्र द्या, मग पुढचा हप्ता. तत्त्व योग्यच आहे, सरकारी पैसा आहे, हिशेब लागलाच पाहिजे. पण आमच्या सेंटरकडून दुसरा हप्ता पावसाच्या तोंडावर आला, आणि त्याआधी निफाड तालुक्यातल्या चाळी भरून झाल्या होत्या. ज्यांच्या चाळीत चाचणी ठरली होती ते नाना म्हणाले, "ताई, आता तुमच्या नळ्या मधी घालायच्या तर कांदा उपसावा लागंल. भरलेला कांदा हलवला की तो टिकत नाही, तुम्हाला काय सांगायचं." अगदी बरोबर होतं त्यांचं. वर्कशॉपमध्ये पोत्यांवर चाचण्या घेतल्या, पण पोतं म्हणजे चाळ नव्हे. खरी चाचणी पुढच्या उन्हाळ कांद्यावर गेली. शहरातल्या कागदावर दोन महिन्यांचा उशीर दिसतो तो शेतीच्या यंत्राला वर्षाला पडतो. योजना चालवणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. शेतीशी संबंधित प्रकल्पाला अर्जातच पिकाचा हंगाम लिहून घ्या आणि हप्त्याची तारीख त्याला बांधा.

बिलांचाही त्रास आहे. अंबड-सातपूरचं बळ म्हणजे लेझर कटिंग, बेंडिंग, पावडर कोटिंग सगळं हाकेच्या अंतरावर, आणि दोन नग सुद्धा करून देणारी माणसं. पण ती चिठ्ठीवर हिशेब करतात. आमच्या सेंटरला जीएसटीचं बिल आणि तीन कोटेशनं लागायची. त्यामुळे काही कामं जास्त दरानं मोठ्या दुकानातून करावी लागली.

पुढचा टप्पा स्टार्टअप इंडिया सीड फंडचा. ही योजना 2021 मध्ये 945 कोटींच्या तरतुदीनं आली. नमुना आणि चाचण्यांसाठी 20 लाखांपर्यंत अनुदान, बाजारात उतरण्यासाठी 50 लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय रोखे (पुढे कंपनीच्या शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज). अर्जाला फी नाही आणि एका वेळी तीन सेंटरांना पसंतीक्रम देता येतो, हे फार चांगलं. पण दोन अटी नीट वाचा. अर्जाच्या दिवशी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको, आणि केंद्र-राज्याच्या इतर योजनांतून मिळालेली रक्कम 10 लाखांच्या वर नको. प्रयासचे 10 लाख त्यात बसतात. म्हणजे प्रयास व्यक्ती म्हणून घ्यायचं, नमुना उभा राहत आला की कंपनी नोंदवायची आणि तिथून दोन वर्षं मोजायची. उत्साहात पहिल्याच महिन्यात प्रायव्हेट लिमिटेड काढणारी इंजिनीअरिंगची मुलं मला दर वर्षी भेटतात. त्यांना कुणीतरी हे आधी सांगायला हवं. शिवाय प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीच्या, फर्मला स्टार्टअप म्हणून मान्यता मिळत नाही, हेही.

अमेरिकेत 1982 च्या कायद्यानं सुरू झालेल्या छोट्या उद्योगांच्या संशोधन कार्यक्रमात पहिला टप्पा जमला की त्याच छत्राखाली दुसऱ्यासाठी अर्ज करता येतो. मी धरलेल्या वाटेवर मात्र नमुना एका खात्याचा, बाजार दुसऱ्या खात्याचा, दर वेळी नवा अर्ज, नवी समिती. जैवतंत्रज्ञानवाल्यांची सोय जरा बरी आहे. बायरॅक या जैवतंत्रज्ञान विभागाच्या संस्थेच्या बिग योजनेत 50 लाखांपर्यंत मिळतात आणि पुढच्या टप्प्यांच्या योजनाही त्याच संस्थेकडे आहेत. तुमचं काम त्यात बसत असेल तर आधी तिकडे बघा.

अर्ज करणार असाल तर पोर्टलवर सध्या अर्ज घेतायत का हे आधी पाहा, आणि सेंटरला फोन करून त्यांचा मागचा हप्ता किती दिवसांत सुटला ते विचारा. ज्यांना आधी मिळालंय त्यांनाही विचारा. साठवणीच्या कांद्यावर काम असेल तर यंत्रं मार्च संपायच्या आत तयार पाहिजेत, म्हणून त्यांचा खर्च पहिल्याच हप्त्यात मांडा आणि दुसऱ्यावर फक्त चाचणीनंतरची दुरुस्ती ठेवा. द्राक्षवाल्यांनी हाच हिशेब ऑक्टोबर छाटणीपासून धरावा, म्हणजे सेन्सर बागेत सप्टेंबरअखेर लागलेले हवेत.