आपुलकीला तुसडे उत्तर का मिळते? एका ऑनलाइन कार्यशाळेचे परीक्षण

ज्यांचा लोकांशी रोज संबंध येतो अशा कर्मचाऱ्यांसाठी आणि स्वयंसेवकांसाठी आखलेली ही ऑनलाइन कार्यशाळा मी नुकतीच पूर्ण केली. आपण चांगल्या मनाने पुढे केलेला हात एखादा माणूस झिडकारतो, साध्या विचारपुशीवर अंगावर येतो, तेव्हा त्याच्या मनात काय चाललेले असते, हा तिचा विषय आहे. आणि 'काही माणसे असतातच तशी' असे म्हणून तो वाटेला लावलेला नाही, याबद्दल मला आयोजकांचे मनापासून कौतुक वाटते.

सर्वांत सरस सत्र आहे ते स्वातंत्र्यावर आलेल्या दडपणाविषयीचे. आपली निवड कोणीतरी हिरावून घेत आहे असे वाटले की माणूस ती परत मिळवण्यासाठी उलट वागतो, हा मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांचा १९६६ सालचा सिद्धान्त प्रशिक्षिका एका प्रयोगातून उलगडतात. त्यात सहभागी व्यक्तीला सोबत्याविषयी मत नोंदवायचे होते आणि तोच सोबती, कोणी मागितले नसताना, तिच्यासाठी शीतपेय घेऊन आला. जिथे हे मत महत्त्वाचे असल्याचे आधी सांगितले होते, तिथे पुढे त्या सोबत्याला कागदांचे गठ्ठे लावायला मदत करणाऱ्यांचे प्रमाण घटले. उपकाराचे ओझे निःपक्षपातीपणाच्या आड येते, आणि ते झुगारण्याची घाई बाहेरून पाहणाऱ्याला कृतघ्नपणा वाटते.

त्यानंतरचा सराव मला विशेष आवडला. जड पिशवी घेऊन जिना चढणाऱ्या वृद्धेची भूमिका एकीने करायची आणि दुसरीने मदत देऊ करायची, एवढाच तो प्रसंग. 'आणा, तुम्हाला नाही झेपायचं' म्हणत पिशवीला थेट हात घातला, तेव्हा वृद्धा झालेल्या बाईंनी ती छातीशी ओढून घेतली. 'मी वरच चालले आहे, एक बंद धरू का?' असे विचारल्यावर त्यांनी क्षणभर थांबून एक बंद पुढे केला. पहिल्या वाक्यात मदतीबरोबर दुबळेपणाचा शिक्काही येतो, आणि राग येतो तो त्या शिक्क्याचा, हे समजायला याहून वेगळे व्याख्यान लागत नाही.

मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांच्या १९८० च्या अभ्यासाचा वापर मात्र मला पटला नाही. हेतू स्पष्ट नसताना झालेल्या नुकसानीमागे आक्रमक मुले मुद्दाम केलेला त्रास पाहतात, हे त्यात दिसले होते. त्यावरून प्रौढांना स्नेहातही डाव दिसतो, असा निष्कर्ष थेट काढणे म्हणजे पुराव्याला ताणणे होय. ज्याच्याशी पूर्वी गोड बोलून कामे काढून घेतली गेली, तो पुढच्या गोड बोलण्यालाही बिचकणारच, हे त्याविनाही मांडता आले असते.

याउलट २००८ साली प्रसिद्ध झालेले १६ शहरांतील संशोधन दोन वाक्यांत उरकले, याची खंत वाटते. पैशांच्या एका प्रायोगिक खेळात, सामायिक निधीत आपल्यापेक्षा जास्त भर घालणाऱ्यालाच काही जणांनी पदरमोड करून दंड केला, असे त्यात आढळले होते. दुसऱ्याच्या चांगुलपणापुढे आपण उणे ठरतो ही बोच, निदान माझ्या मते, अनेक तुसड्या उत्तरांच्या मुळाशी असते आणि तिला स्वतंत्र सत्र हवे होते.

रुग्णसेवा, ग्राहकसेवा किंवा शिक्षण या क्षेत्रांत काम करणाऱ्यांना ही कार्यशाळा मी निःसंकोच सुचवेन. झिडकारले गेल्यावर त्याच माणसासमोर दुसऱ्या दिवशी कसे उभे राहायचे, यासाठी मात्र तिच्यात अजून काही नाही, आणि पुढील आवृत्तीत आयोजकांनी ते आवर्जून घालावे.