बझकॉक्स की पॅन्सी डिव्हिजन: आधी कुठला संग्रह ऐकावा?

चवथीला घरी आलेल्या भाच्यानं विचारलं, "मामा, क्वीअर पंक ऐकायचं तर सुरुवात कुठून करू? एकच रेकॉर्ड सांग." आरतीची गडबड चालू होती, म्हणून तेव्हा नुसतं "सांगतो" म्हणालो. का विचारतोस, हे मी विचारलं नाही. त्याच्यासाठी, आणि त्याच्यासारखाच प्रश्न पडलेल्या इतरांसाठी, आता सवडीनं लिहितो आहे.

क्वीअर पंक म्हणजे समलिंगी आणि त्यांच्यासारख्या चाकोरीबाहेरच्या प्रेमाच्या माणसांचं पंक रॉक. एकावर येणं मला जमलं नाही, दोन उरले. दोन्ही संग्रहच आहेत. पहिला मँचेस्टरच्या बझकॉक्सचा, १९७९चा 'सिंगल्स गोइंग स्टेडी'. दुसरा सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅन्सी डिव्हिजनचा, २००६चा 'द इसेन्शियल पॅन्सी डिव्हिजन'.

पहिल्याची बांधणी फार सुंदर आहे. एका बाजूला आठ सिंगल्सची, म्हणजे दोन-दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड्सची, मुख्य गाणी आणि दुसऱ्या बाजूला त्याच सिंगल्सच्या पाठीवरची आठ, दोन्हीकडे जशी निघाली त्याच क्रमानं. नोव्हेंबर १९७७ ते १९७९चा उन्हाळा, म्हणजे पुरती दोन वर्षंही नाहीत. पण या मांडणीमुळे बँड आपल्यासमोर दोनदा वाढतो. पहिली बाजू धावत सुटते. गाणी दोन-तीन मिनिटांची, एकही ओळ वाया न घालवलेली. दुसरी बाजू हळूहळू अंधारत जाते आणि शेवटाकडे 'व्हाय कान्ट आय टच इट' येतं. साडेसहा मिनिटं बास तीच चाल घोळवत राहतो आणि आपण त्यात अडकून पडतो. फोंड्याहून पणजीला जाणाऱ्या कदंब बसमध्ये मी हा संग्रह कितीदा ऐकला असेल! पहिली बाजू बाणस्तारीच्या पुलाच्या आसपास संपते, दुसरी पणजीच्या स्टँडवर.

आता यात क्वीअर काय, असं पहिल्यांदा ऐकताना वाटेल. बँडचा गायक-गीतकार पीट शेली हा स्त्री-पुरुष दोघांचंही आकर्षण असलेला माणूस, आणि त्यानं ते लपवलं नव्हतं. पण गाणी लिहिताना तो 'तो' किंवा 'ती' जाणूनबुजून टाळायचा. सगळं 'मी' आणि 'तू'. 'एव्हर फॉलन इन लव्ह' हे त्यांचं सगळ्यांत गाजलेलं गाणं, १९७८चं, ब्रिटनच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेलेलं. ते एका पुरुषामुळे सुचलं होतं, हे शेलीनं पुढे सांगितलं. गाण्यात मात्र त्याची खूण नाही. ज्याला जे ऐकायचं ते त्यानं ऐकावं.

ही मुभा त्याला इंग्रजीनं दिली. आमच्या घरात बोलणं कोकणीत, वाचणं-लिहिणं मराठीत, आणि दोन्हीकडे क्रियापद गुपित राखत नाही. एकदा मी हे गाणं मराठीत करायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. 'पडलास' की 'पडलीस'? 'ज्याच्या' की 'जिच्या'? वही तशीच मिटली. पण त्याच रात्री लक्षात आलं की आपल्याकडे दुसरी एक वाट आहे आणि लहानपणापासून मी तिच्यावरून चालत आलो आहे. देवळातल्या भजनात गौळण घेतली की मिशा असलेले बाप्ये 'मी गेले', 'मी भुलले' म्हणतात. ज्ञानेश्वरांच्या विरहिणी तर सगळ्या स्त्रीच्या तोंडच्या. पंधरा-सोळाव्या वर्षी एखाद्या पुरुषासाठी जीव तुटतो हे मोठ्यानं गायची मला तेवढी एकच जागा होती, आणि तिथे कुणी वळूनही पाहत नव्हतं. शेली ऐकताना मला ती जागा आठवते. गाणं सगळ्यांसमोर चाललेलं असतं, पण अर्थ आपल्या एकट्याच्या हातात असतो.

पॅन्सी डिव्हिजनला यातलं काहीच मान्य नाही. जॉन जिनोली आणि ख्रिस फ्रीमन यांनी १९९१मध्ये बँड काढला तो समलिंगी पुरुषांचं आयुष्य नाव घेऊन गाण्यासाठी. प्रेम, शरीर, फसलेल्या भेटी, वाईट बॉयफ्रेंड, सगळं उघड्या शब्दांत. चाली इतक्या प्रसन्न, की शब्द न कळणारा माणूस ताल धरून मान डोलावेल. आधीच सांगतो, हे हेडफोन लावून ऐकायचं गाणं आहे. आजीला इंग्रजी कळत नाही या भरवशावर राहू नका, शेजारच्या खोलीतल्या काकांना कळतं.

पण या आनंदाचा काळ ध्यानात घ्यायला हवा. त्यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्स १९९३-९४च्या. एचआयव्हीवरचे परिणामकारक संयुक्त उपचार आले १९९६च्या सुमारास. म्हणजे त्यांच्या शहरात तरुण माणसं मरत होती आणि हे लोक शरीराचा उत्सव गात होते. १९९४ साली ग्रीन डे या पंक बँडनं त्यांना आपल्या दौऱ्यावर नेलं. ग्रीन डेचा 'डूकी' हा अल्बम नुकताच गाजू लागला होता आणि समोर शाळकरी वयाची पोरं. त्यातल्या कित्येकांनी समलिंगी माणूस मंचावर उभा राहून मजेत, न लाजता स्वतःबद्दल गाताना पहिल्यांदाच पाहिला असणार. त्या गर्दीत कोपऱ्यात उभ्या असलेल्या एखाद्या पोराचा विचार आला की माझा गळा आजही भरून येतो.

तरी या संग्रहाच्या उणिवा आहेतच. एका सीडीवर तीस गाणी, सोबत व्हिडिओंची डीव्हीडी, आणि पंधरा वर्षांचा पट. सलग ऐकली तर विसाव्या गाण्याच्या आसपास कान थकतात. काही विनोद त्या काळाचेच राहिले. जिनोलीचा आवाज साधा, बोलल्यासारखा आहे, शेलीच्या आवाजातली ती कातर धार त्यात नाही. २००९ आणि २०१६चे अल्बम नंतरचे असल्यानं यात अर्थातच नाहीत. स्टीव्ह अल्बिनीनं ध्वनिमुद्रित केलेला १९९८चा 'ॲब्सर्ड पॉप साँग रोमान्स' हा त्यांचा सर्वांत गंभीर अल्बम, आणि तो सुटा, आख्खाच ऐकावा असं माझं ठाम मत आहे. बझकॉक्सच्या संग्रहातली उणीव लहान आहे: हॉवर्ड डेव्होटो गात होता तेव्हाची 'स्पायरल स्क्रॅच' ही पहिली ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड, त्यात नाही.

मग निवड कशी करायची? नुसतं संगीत तोलायचं तर बझकॉक्स, यात मला शंका नाही. पंकमध्ये इतकी नेटकी गाणी फार थोड्यांनी लिहिली. अजून कुणाला काही सांगितलेलं नाही, सांगायची घाईही नाही, अशा माणसालाही मी तोच संग्रह देईन. तो तुमच्याकडून काही कबूल करून घेत नाही. घरात मोठ्यानं लावता येतो, अपवाद 'ऑर्गॅझम ॲडिक्ट' या पहिल्याच गाण्याचा, कारण बीबीसीनंही ते वाजवलं नव्हतं.

पण आपल्यासारखं कुणी आहे का, याची खात्री हवी असेल, तर पॅन्सी डिव्हिजन. तिथे चाल, आवाज, मांडणी हे सगळं दुय्यम ठरतं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७वरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ला आला, ते संबंध गुन्हा राहिले नाहीत, आणि त्यानंतर आठवड्यानं चवथ होती. त्या चवथीत माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळापानांचं छत, बांधताना मी बहिणीला माझं सांगितलं. आदल्या रात्री अंथरुणात पडून मी जे ऐकलं होतं ते बझकॉक्स नव्हतं. त्या रात्री मला 'तो' हा शब्द स्पष्ट ऐकायचा होता.

त्यामुळे भाच्या, तुला माझं उत्तर असं: 'द इसेन्शियल'पासून सुरू कर, पण एका वेळी दहाच गाणी. मग त्यांचा १९९४चा 'डीफ्लॉवर्ड' घे. त्यात एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसावरचं 'डेनी' आहे, आणि 'होमोसेपियन'ही आहे. हे मूळचं पीट शेलीचं. बझकॉक्स मोडल्यावर १९८१मध्ये त्यानं एकट्यानं काढलेलं, आणि या वेळी इतकं उघड, की बीबीसीनं त्यावर बंदी घातली. आधी शेलीचं ऐक, मग यांचं. तिथून मागे जाऊन 'सिंगल्स गोइंग स्टेडी' लावशील तेव्हा त्यातला 'तू' कोण आहे, हे मला सांगावं लागणार नाही. सीडी दोन्ही माझ्याकडे आहेत. पुढच्या रविवारी फोंड्याला येशील तेव्हा घेऊन जा.